चित्र किती वेळ थांबावे?

(सोलापूर जिल्ह्यातील शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांच्यासाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)

लोकशिक्षणाच्या साधनांमध्ये चित्राचे स्थान मोठे आहे. ज्याला अक्षर कळत नाही त्यालाही चित्र कळते, असे आपल्याकडे नेहमी म्हटले जाते आणि ते पुष्कळ अंशी खरेही आहे. आज गावोगावी भ्रमणध्वनी पोहोचला आहे. शाळेत, ग्रामपंचायतीत, अंगणवाडीत, बचत गटाच्या बैठकीत छायाचित्रे काढली जातात, ती एकापुढे एक जोडली जातात, त्यांना निवेदनाची व संगीताची साथ दिली जाते आणि अशी तयार झालेली चित्रमालिका पडद्यावर दाखविली जाते. पूर्वी ज्या कामासाठी शहरातून यंत्र, पडदा आणि जाणकार माणूस आणावा लागे, ते काम आता गावातला एखादा शिक्षक संध्याकाळच्या दोन तासांत करू शकतो. ही समाधानाची गोष्ट आहे.

परंतु दाखविणे निराळे आणि दिसणे निराळे. चित्र पडद्यावर आले म्हणजे ते प्रेक्षकाच्या मनात उतरले, असे समजण्याचे कारण नाही. चित्रमालिका तयार करणाराने प्रत्येक चित्र अनेक वेळा पाहिलेले असते. त्यात कोण उभे आहे, मागे कोणता बंधारा आहे, कोपऱ्यातली पाटी काय सांगते, हे सर्व त्याला ठाऊक असते. त्यामुळे दोन सेकंदांतच त्याला ते चित्र पुरे वाटू लागते आणि तो पुढच्या चित्राकडे वळतो. समोर बसलेला माणूस मात्र ते चित्र आयुष्यात प्रथमच पाहत असतो. या दोघांच्या वेळेत जे अंतर आहे, त्या अंतरात पुष्कळशी चांगली माहिती वाया जाते. म्हणून स्थिरचित्राला किती वेळ द्यावा आणि एका चित्रावरून दुसऱ्यावर कसे जावे, हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. तो प्रेक्षकाविषयीच्या आदराचा प्रश्न आहे.

जुनी परंपरा

स्थिरचित्रांतून कथा सांगण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी या गावी ठाकर समाजातील कलावंतांनी चित्रकथीची परंपरा जतन केली आहे. चित्रांचा एक संच म्हणजे एक पोथी. कथेकरी वाद्यांच्या साथीने कथा गातो आणि तिच्या ओघात एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरतो. या परंपरेतील ज्येष्ठ कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री पुरस्काराने गौरविण्यात आले. या कलेत चित्र किती वेळ धरावे, हे घड्याळ ठरवीत नाही. प्रसंग सांगून होईपर्यंत आणि श्रोत्यांच्या चेहऱ्यावर तो उमटेपर्यंत चित्र हातात राहते. युद्धाचा प्रसंग असेल तर चित्रे भराभर सरकतात. शोकाचा प्रसंग असेल तर एकच चित्र दीर्घकाळ समोर राहते.

यंत्राच्या साहाय्याने हेच काम करण्याचा मान कल्याणच्या पटवर्धन कुटुंबाकडे जातो. महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे पुत्र यांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' या नावाने प्रकाशचित्रांचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर मोठी करून दाखविली जात आणि त्यांना निवेदनाची जोड असे. चित्रपट भारतात येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. ल्युमिएर बंधूंचा मुंबईतील पहिला खेळ त्यानंतर चार वर्षांनी, ७ जुलै १८९६ रोजी झाला.

पुढे दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट निर्माण करण्यापूर्वी, भांडवल मिळविण्याच्या हेतूने, १९१२ साली वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचे एक लहानसे चित्रण केले. कुंडीत लावलेल्या वाटाण्याची एकेक चौकट काही काळाच्या अंतराने टिपून त्यांनी ती सलग दाखविली आणि बी रुजून वेल वाढल्याचे दृश्य थोड्या अवधीत पडद्यावर उभे राहिले. प्रत्येक चौकट स्थिर होती. हालचाल निर्माण झाली ती चौकटींच्या वेळेच्या हिशेबातून. चित्र आणि वेळ यांचे नाते किती जवळचे आहे, याचे याहून सोपे उदाहरण सापडणार नाही.

डोळा, मन आणि शब्द

पडद्यावर नवे चित्र आले की प्रेक्षकाला तीन कामे करावी लागतात. प्रथम डोळा चित्रभर फिरून मुख्य वस्तू शोधतो. नंतर मन ती ओळखते. शेवटी कानावर पडणाऱ्या शब्दांशी तिचा मेळ घातला जातो. ही तिन्ही कामे पूर्ण होण्याइतका वेळ मिळाला तरच चित्र समजले असे म्हणता येईल.

सोलापूर जिल्ह्यातील एक उदाहरण घ्यावे. नान्नज परिसरातील माळरानासाठी १९७९ साली माळढोक पक्षी अभयारण्य स्थापन करण्यात आले. माळढोक हा सुमारे एक मीटर उंचीचा मोठा पक्षी असला, तरी त्याच्या पाठीचा तपकिरी रंग वाळलेल्या गवतात असा मिसळून जातो की, उभा पक्षीही चटकन नजरेस येत नाही. अशा पक्ष्याचे दुरून घेतलेले छायाचित्र वर्गात तीन सेकंद दाखविले, तर विद्यार्थ्यांना केवळ गवत दिसेल. निवेदक 'हा पाहा माळढोक' असे म्हणेपर्यंत चित्र गेलेले असेल. तेच चित्र प्रथम चार-पाच सेकंद शब्दाविना ठेवावे, मुलांना पक्षी शोधू द्यावा, मग त्याचे नाव सांगावे आणि नाव सांगून झाल्यावरही आणखी काही क्षण चित्र तसेच राहू द्यावे. दहा-बारा सेकंदांत मुलांना पक्षी तर दिसतोच. शिवाय तो दिसणे इतके अवघड का आहे, हेही त्यांना कळते. हा दुसरा धडा पुस्तकातल्या वर्णनाने शिकविता येत नाही.

याउलट, ओळखीच्या वस्तूचे साधे चित्र फार वेळ ठेवले तर लक्ष उडते. पाण्याचा हातपंप, शाळेची इमारत, ओळखीच्या व्यक्तीचा चेहरा यांना चार-पाच सेकंद पुरतात. गर्दीचे चित्र, नकाशा, तक्ता, जुने पुसट छायाचित्र यांना दहा सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. सर्व चित्रांना सरसकट एकच वेळ देणे ही सोय संगणकाची आहे, प्रेक्षकाची नव्हे. यंत्र आपण होऊन प्रत्येक चित्राला तीन किंवा पाच सेकंद देऊन टाकते. तो आकडा आरंभ म्हणून घ्यावा, निर्णय म्हणून घेऊ नये.

चित्रावर अक्षरे असतील तर हिशेब आणखी बदलतो. सोलापूर जिल्ह्याचे एक वैशिष्ट्य येथे ध्यानात घेतले पाहिजे. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर या भागांत अनेक घरांत कन्नड बोलली जाते. सोलापूर शहरातील विणकर समाजात तेलुगू नांदते. उर्दू बोलणारी वस्तीही मोठी आहे. ही मंडळी मराठी उत्तम समजतात, परंतु जी भाषा घरात बोलली जात नाही ती वाचताना अनेकांना थोडा अधिक वेळ लागतो. ज्यांचे शिक्षण लवकर सुटले, ज्यांची दृष्टी वयोमानाने मंद झाली, त्यांचाही विचार केला पाहिजे. म्हणून एक साधा नियम पाळावा. चित्रावरील मजकूर सावकाश, मोठ्याने दोनदा वाचावा. त्याला जितका वेळ लागेल तितका वेळ ते चित्र पडद्यावर राहावे. इतका वेळ देणे जमत नसेल, तर वेळ न तोडता मजकूर कमी करावा. चित्रावर एका वेळी एकच वाक्य असावे आणि तेच वाक्य निवेदनातही यावे. डोळ्यांनी एक वाचायचे आणि कानांनी दुसरेच ऐकायचे, असा प्रसंग आला म्हणजे माणूस दोन्हीकडून वंचित राहतो.

चित्रबदल म्हणजे विरामचिन्हे

एका चित्रावरून दुसऱ्यावर जाण्याच्या पद्धती संगणकात शेकड्यांनी मिळतात. चित्र पानासारखे उलटते, तुकडे होऊन उडते, गोल फिरत नाहीसे होते. यांतील बहुतेक प्रकार लग्नसमारंभाच्या ध्वनिचित्रफितीत शोभून दिसतील. माहिती देणाऱ्या चित्रमालिकेला तीन प्रकार पुरतात आणि त्या प्रत्येकाला स्वतःचा अर्थ आहे.

पहिला प्रकार कट. एक चित्र संपते आणि त्याच क्षणी दुसरे येते. लिखाणात एका वाक्यानंतर लगेच दुसरे वाक्य यावे, तसे हे आहे. दुसरा प्रकार विलयन, म्हणजे डिझॉल्व्ह. पहिले चित्र विरत असतानाच दुसरे त्यातून उमटत जाते. याचा अर्थ असा की, दोन्ही चित्रांचा परस्परांशी संबंध आहे आणि मध्ये काही काळ गेला आहे किंवा काही बदल घडला आहे. तिसरा प्रकार फेड. चित्र मंद होत पूर्ण काळोखात जाते आणि मग नवे चित्र उजळते. येथे परिच्छेद संपतो, कधी अध्यायही संपतो.

हे अर्थ प्रेक्षकाला कोणी शिकविलेले नसतात, परंतु चित्रपट पाहून ते त्याच्या अंगवळणी पडलेले असतात. म्हणून चुकीच्या ठिकाणी चुकीचा चित्रबदल आला की तो अडखळतो. सोलापुरी चादरीची विणकाम प्रक्रिया दाखवायची असेल, तर सुताची रंगणी, ताणा तयार करणे, कांड्या भरणे, जेकार्डच्या साहाय्याने नक्षी उठविणे आणि मागावर विणणे या कामांची चित्रे साध्या कटने एकामागून एक यावीत. काम सलग चालले आहे, हे त्यातून कळते. जेकार्डचे छिद्रे पाडलेले पत्ते ठरलेल्या क्रमाने फिरतात आणि प्रत्येक आडव्या धाग्याच्या वेळी कोणते उभे धागे उचलायचे ते ठरवितात. एक पत्ता मागेपुढे झाला तर नक्षी बिघडते. चित्रमालिकेचा क्रमही असाच सांभाळावा लागतो. मात्र साधा पांढरा धागा आणि तयार झालेली नक्षीदार चादर ही दोन चित्रे लागोपाठ दाखवायची असतील, तर तेथे विलयन योग्य ठरेल, कारण येथे एका वस्तूचे दुसऱ्या वस्तूत रूपांतर सांगायचे आहे.

विलयन सुंदर दिसते म्हणून ते सर्वत्र वापरू नये, याचे एक महत्त्वाचे उदाहरण सोलापूरच्या इतिहासातच आहे. १९३० सालच्या चळवळीत या शहरावर लष्करी कायदा लादला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्याच्या कारागृहात फाशी देण्यात आली. शाळाशाळांतून या हुतात्म्यांचे स्मरण केले जाते आणि त्यांच्या तसबिरींची चित्रमालिका दाखविता येते. एका तसबिरीवरून दुसरीवर विलयनाने गेले, तर मधल्या क्षणी दोन चेहरे एकमेकांत मिसळून तिसराच कोणी चेहरा दिसू लागतो. तो कोणत्याच हुतात्म्याचा नसतो. येथे फेड वापरावा. प्रत्येक चेहरा काळोखातून उजळावा, नाव उच्चारले जावे, काही क्षण शांततेत जावेत आणि तो चेहरा पुन्हा काळोखात जावा. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. चौघांनाही अगदी सारखाच वेळ मिळाला पाहिजे. एकाला आठ सेकंद आणि दुसऱ्याला चार सेकंद मिळाले, तर निवेदनात समतेचे कितीही शब्द असोत, पडद्याने भेदभाव केलेला असतो. वेळ हा मानाचा एक प्रकार आहे, हे गावातील प्रत्येक माणूस जाणतो.

काळाचे मोठे अंतर दाखवितानाही फेडचा उपयोग होतो. १९१० साली सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि जखमी सैनिकांची सेवा करीत असता ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच मरण पावले. त्यांच्या जीवनावरील चित्रमालिकेत सोलापूर आणि चीन यांच्यामध्ये सेकंदभराचा काळोख ठेवला, तर प्रवासाचे अंतर शब्दाविना सांगितले जाते. मृत्यूच्या उल्लेखानंतर तो काळोख आणखी थोडा लांबवावा आणि तेथे संगीतही थांबवावे. कीर्तनकार टाळ-मृदंग थांबवून क्षणभर स्तब्ध होतो, तेव्हा श्रोत्यांचे लक्ष अधिकच एकवटते. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याला ही गोष्ट निराळी सांगण्याची गरज नाही.

सेकंदांचा हिशेब

आता थोडे गणित. ते अवघड नाही. परंतु ते न केल्यामुळे निवेदन एका चित्राचे आणि पडद्यावर दुसरेच चित्र, असा घोटाळा होतो.

समजा, २० चित्रे आहेत आणि प्रत्येकाला ८ सेकंद दिले आहेत. कट वापरला तर एकूण वेळ १६० सेकंद होईल. परंतु प्रत्येक दोन चित्रांमध्ये एक सेकंदाचे विलयन ठेवले, तर त्या सेकंदात दोन्ही चित्रे एकमेकांवर असतात. अनेक संगणकीय साधनांत हा सेकंद दोन्ही चित्रांच्या वेळेतून घेतला जातो. २० चित्रांमध्ये १९ चित्रबदल होतात, म्हणून एकूण वेळातून १९ सेकंद वजा होतात आणि मालिका १४१ सेकंदांतच संपते. निवेदन मात्र १६० सेकंदांचे ध्वनिमुद्रित केलेले असते. दहावे चित्र ७२ व्या सेकंदाला यावयाचे, ते ६३ व्या सेकंदालाच येते. म्हणजे एका चित्राहून अधिक अंतर पडते. प्रेक्षकांना नववे चित्र ऐकू येते आणि दहावे दिसते.

यातून दुसरीही एक गोष्ट निघते. ८ सेकंदांच्या चित्राला आधी एक सेकंद उमटण्यात आणि शेवटी एक सेकंद विरण्यात जातो. स्वच्छपणे दिसण्यासाठी सहाच सेकंद उरतात. म्हणून चित्रावर मजकूर असेल तर वाचण्याचा वेळ या मधल्या सहा सेकंदांतच धरावा. पाच सेकंदांच्या चित्राला दोन्ही बाजूंनी दोन-दोन सेकंदांचे विलयन दिले, तर ते चित्र स्वच्छ असे एकच सेकंद दिसते. मालिका मऊ आणि सुंदर वाटते, पण कोणाला काही दिसत नाही.

यावर उपाय म्हणजे निवेदन आधी आणि चित्रांची वेळ नंतर. प्रथम निवेदन लिहावे, सावकाश वाचून ध्वनिमुद्रित करावे आणि प्रत्येक चित्राच्या वाक्यांना लागलेला वेळ घड्याळाने मोजावा. मिनिटाला सुमारे १०० शब्द असा संथ वेग धरला, तर बारा शब्दांच्या वाक्याला सात सेकंद लागतात. त्यात शब्दांपूर्वी एक आणि शब्दांनंतर दोन सेकंद मिळवावेत. विलयन वापरायचे असेल तर त्याचाही वेळ मिळवावा. एका वहीत पाच रकाने आखावेत: चित्राचा क्रमांक, चित्रात काय आहे, निवेदनाचे शब्द, सेकंद आणि चित्रबदलाचा प्रकार. अर्ध्या तासाच्या या लेखनाने पुढचा सारा गोंधळ वाचतो.

वेळ नेहमी सेकंदांतच लिहावा, चौकटींत लिहू नये. भारतातील दूरदर्शनच्या जुन्या पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी असत. भ्रमणध्वनीवरील चित्रण बहुधा ३० चौकटींचे असते. पहिल्या पद्धतीत २५ चौकटींचे विलयन बरोबर एका सेकंदाचे होते, दुसऱ्या पद्धतीत ते त्याहून कमी भरते.

स्थिरचित्रातील हालचाल

स्थिरचित्रावरून नजर सरकत नेण्याची युक्तीही आता सर्वत्र उपलब्ध आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने १९५७ साली जुन्या छायाचित्रांवरून कॅमेरा संथपणे फिरवून 'सिटी ऑफ गोल्ड' हा माहितीपट तयार केला. अमेरिकेतील केन बर्न्स यांनी १९९० साली तेथील यादवी युद्धावरील मालिकेत ही पद्धत इतक्या प्रभावीपणे वापरली की, काही संगणकीय साधनांत ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

या युक्तीचे सामर्थ्य मोठे आहे, परंतु हालचालीला कारण हवे. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतील नंदीध्वज हे याचे चांगले उदाहरण होय. नंदीध्वजाची उंची हाच त्याचा विशेष. तो धरणाऱ्या मानकऱ्यापासून नजर सावकाश वर नेली की ती उंची प्रेक्षकाला जाणवते. दहा सेकंदांच्या चित्रात पहिले दोन सेकंद चित्र स्थिर असावे, सहा सेकंद नजर वर जावी आणि शेवटचे दोन सेकंद टोकाशी थांबावे. चित्र उमटत असतानाच ते सरकूही लागले, तर डोळ्याला टेकायला जागा उरत नाही. आकड्यांचा तक्ता आणि मजकुराची पाटी मात्र कधीही हलवू नये.

ग्रामसभेतील पडदा

आता मुख्य मुद्द्याकडे यावयाचे. शाळेत चित्र लवकर गेले तर एखादा धडा कच्चा राहील. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकविता येतो. ग्रामसभेत चित्र लवकर गेले तर लोकांचा अधिकार निसटतो.

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने महाराष्ट्रात ग्रामसभेला स्थान मिळाले. वर्षातून किमान चार सभा भरविण्याची तरतूद आहे आणि गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती आवश्यक असते. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याने कामांच्या सामाजिक अंकेक्षणाचे काम ग्रामसभेकडे सोपविले. त्या योजनेत कामापूर्वीचे, काम चालू असतानाचे आणि काम पूर्ण झाल्यानंतरचे छायाचित्र ठिकाणाच्या नोंदीसह ठेवण्याची पद्धत २०१७ पासून रूढ झाली. अशी छायाचित्रे आणि जमाखर्चाचे आकडे लोकांपुढे मांडण्यासाठी पडद्यासारखे साधन नाही. पण वर्षाचा संपूर्ण जमाखर्च बारीक अक्षरांच्या एकाच तक्त्यात बसवून तो सहा सेकंद दाखविला, तर 'सभेपुढे हिशेब ठेवण्यात आला' असे इतिवृत्तात लिहिता येईल, तरी सभेने हिशेब पाहिला असे होणार नाही. दिवसाची मजुरी सोडून आलेल्या माणसाला त्या सहा सेकंदांत काय मिळाले, हा प्रश्न सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी स्वतःला विचारावा.

म्हणून हिशेबाच्या चित्रांसाठी निराळा नियम असावा. एका चित्रावर एकच काम, त्याचे ठिकाण, मंजूर रक्कम आणि झालेला खर्च असावा. निवेदकाने ते आकडे वाचावेत आणि कोणाचा प्रश्न आहे का, असे विचारावे. येथे यंत्राला आपोआप पुढे जाऊ देऊ नये. चित्र पुढे नेण्याचे काम माणसाच्या बोटाने व्हावे आणि ते बोट सभेकडे पाहून हलावे. एकूण बेरजेचे शेवटचे चित्र चर्चा संपेपर्यंत पडद्यावरून काढूच नये. पार्श्वसंगीत तर येथे मुळीच नको. संगीताच्या ठेक्यावर चित्रे बदलणारी तयार साधने मिळतात. तो ठेका टाळ्यांसाठी बरा. विचार करण्यासाठी नव्हे.

'पूर्वी' आणि 'नंतर' या चित्रांच्या बाबतीत अधिकच सावध राहिले पाहिजे. कोरड्या नाल्याचे चित्र विरत जाते आणि त्यातून पाण्याने भरलेला नाला उमटतो. सभेत टाळ्या होतात. परंतु पहिले चित्र मे महिन्यातील आणि दुसरे सप्टेंबरमधील असेल तर काय सिद्ध झाले? सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात, जेथे सप्टेंबर हा पावसाचा भरवशाचा महिना मानला जातो, तेथे काम न केलेला नालाही मे महिन्यात कोरडा आणि सप्टेंबरमध्ये वाहता दिसू शकतो. विलयनाने जो बदल डोळ्यांपुढे घडविला, तो बंधाऱ्याने घडविला की पावसाने, हे त्या चित्रावरून कळत नाही. म्हणून दोन्ही छायाचित्रे एकाच जागेवरून, एकाच दिशेने आणि शक्य तर वर्षाच्या एकाच महिन्यात घेतलेली असावीत. प्रत्येकावर दिनांक स्पष्ट असावा आणि तो वाचता येईल इतका वेळ चित्र थांबावे. प्रथम दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवून लोकांना तुलना करू द्यावी; विलयन करायचेच असेल तर ते त्यानंतर करावे. ज्यांच्या शेताजवळून तो नाला जातो ते लोक समोरच बसलेले असतात. त्यांना घाईने दाखविलेल्या चित्राने फसविता येत नाही. फक्त त्यांचा विश्वास गमावता येतो.

वर्गातील पडदा आणि हातातील पडदा

शिक्षणक्षेत्रात सोलापूर जिल्ह्याने या साधनांच्या बाबतीत नाव मिळविले आहे. माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देण्याचा प्रयोग केला. पुस्तकातील चौकोनी खूण भ्रमणध्वनीने टिपली की ध्वनिमुद्रित कविता, दृक्‌श्राव्य पाठ, गोष्टी आणि स्वाध्याय समोर येतात. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ही पद्धत आली. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला आणि दहा लाख डॉलरच्या पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली.

अशा रीतीने घरी पाहिल्या जाणाऱ्या पाठाचा आणि सभेत दाखविल्या जाणाऱ्या मालिकेचा वेळ एकच नसतो. एकट्याने पाहणारा विद्यार्थी चित्र थांबवू शकतो, मागे जाऊ शकतो. सभेतील माणूस तसे करू शकत नाही. म्हणून वैयक्तिक पाठातील चित्रांचा वेग थोडा अधिक असला तरी चालेल. तथापि, अनेक घरांत एकाच लहान पडद्याभोवती दोन-तीन भावंडे बसतात आणि थांबविण्याचे बटण मोठ्याच्या हातात असते, हे विसरू नये. लहान पडद्यासाठी अक्षरे मोठी हवीत आणि प्रत्येक प्रश्नानंतर विचार करण्यापुरते चित्र स्थिर राहावयास हवे.

शेवटची परीक्षा

मालिका तयार झाली की ती सभेपूर्वी एका अशा माणसाला दाखवावी, ज्याने त्यातले एकही चित्र पाहिलेले नाही. गावातील एखाद्या वृद्ध बाई किंवा चौथीतील मूल यांच्याइतका चांगला परीक्षक मिळणार नाही. मालिका संपल्यावर 'आवडली का' असे विचारू नये. 'काय काय पाहिले' असे विचारावे. जे त्यांना सांगता आले नाही, त्या चित्राचा वेळ वाढवावा. मालिका लांबत असेल तर चित्रे कमी करावीत, पण उरलेल्या चित्रांचा वेळ कापू नये. पाच मिनिटांत साठ चित्रे दाखविण्यापेक्षा तीस चित्रे दाखविणे अधिक हिताचे आहे. साठ चित्रांची मालिका आठवणीत राहत नाही, फक्त तिची धावपळ राहते.

साधने झपाट्याने बदलत आहेत आणि पुढेही बदलतील. काचेवरील चित्रांची जागा फितीने घेतली, फितीची जागा भ्रमणध्वनीने घेतली. माणसाचा डोळा मात्र तोच आहे, आणि समजून घेण्याची त्याची गतीही तीच आहे. शिक्षक, ग्रामसेवक आणि लोकप्रतिनिधी यांनी त्या गतीशी आपली गती जुळवून घेतली, तर गावातील शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसालाही शासनाचे काम, शाळेचा धडा आणि स्वतःचा हक्क दिसू शकेल. चित्र पुढे नेण्यापूर्वी त्या शेवटच्या रांगेकडे एकदा पाहावे.